काळ्या दगडातली वीण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईतल्या फणसवाडीसारख्या जुन्या वस्तीत चाळींच्या जोत्याला, पायऱ्यांना आणि स्वयंपाकघरातल्या पाट्या-वरवंट्याला दिसणारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो सगळ्या बाजूंनी सारखाच आणि मुका दगड आहे, असे बहुतेकांना वाटते. पण त्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फेल्स्पारच्या बारीक काड्या आणि त्यांच्यामध्ये मॅग्नेटाइटचे काळे कण दिसतात. शिलारस वाहता असतो तेव्हा या काड्या ओढ्यातल्या काटक्यांसारख्या प्रवाहाच्या दिशेला वळतात आणि तो थिजला की तशाच अडकून राहतात. दगडाची ही वीण म्हणजे प्रवाहाची नोंद.

काळा दगड म्हणजे जमिनीवर पसरलेला लाव्हा, हेही अर्धेच खरे. दख्खनच्या पठाराचे बरेचसे थर तसे आहेत. पण काही शिलारस वर पोचलाच नाही. उभ्या फटींत थिजून त्याच्या भिंती झाल्या, त्यांना डाइक म्हणतात; थरांच्या मध्ये आडवा शिरला त्याला सिल म्हणतात.

असा शिलारस खालून सरळ वर येतो, हा सर्वांत पक्का बसलेला समज. नंदुरबार-धुळे भागात शेतांमधून काळ्या दगडाच्या सरळ रांगा मैलोन् मैल जातात; त्या उघड्या पडलेल्या डाइक आहेत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील 210 डाइकची नोंद आहे. जाडी 3 ते 62 मीटर, आणि सर्वांत लांब डाइक 79 किलोमीटरची. एवढी लांब भिंत पाहिली की शिलारस आडवाही धावला असेल का, हा प्रश्न उभा राहतोच, आणि त्याचे उत्तर आकारातून नव्हे, विणीतून मिळते. कॅनडातल्या मॅकेन्झी डाइकसमूहात ते स्पष्ट मिळाले: उगमाजवळ प्रवाह उभा, तर सुमारे 500 किलोमीटरपलीकडे आडवा.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहून शिलारस त्याच रेषेत वर चढला असावा असे वाटणे साहजिक आहे. पण ते खांब प्रवाहाचे नाहीत. थिजलेला खडक निवताना आकसतो, तडकतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात खांब तयार होतात. वाहण्याची वीण त्या खांबांच्या आतल्या कणांत शोधावी लागते.

ती शोधण्यासाठी खडकातून अडीच सेंटिमीटर व्यासाची नळकांडी कापून काढतात आणि प्रत्येक दिशेने ती किती सहज चुंबकित होतात हे मोजतात; सर्वांत सहज चुंबकित होणारी दिशा सहसा कणांच्या लांबीची असते. फरक अनेकदा काही टक्क्यांचाच असतो. डाइकच्या दोन्ही कडांचे नमुने घेणे मात्र आवश्यक. भिंतीला लागून शिलारस अडखळतो आणि मध्यभागी वेगाने जातो, त्यामुळे दोन्ही कडांची वीण आतल्या बाजूला झुकते. छपराच्या दोन उतरणींसारख्या या दोन विणी जिकडे एकत्र येतात, तिकडे प्रवाह गेला. एकाच कडेचा नमुना घेतला तर हा झुकाव पडताळता येत नाही.

तरीही कण एका दिशेत दिसले म्हणजे प्रवाह सिद्ध झाला, असे नाही. नंतरच्या काळात खडकावर पडलेला दाबही कण वळवतो. मॅग्नेटाइटचे कण अतिसूक्ष्म असतील तर चुंबकीय मोजमाप कणांच्या लांबीऐवजी तिला काटकोनात असलेली दिशा दाखवू शकते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालचा काप आणि चुंबकीय मोजमाप दोन्ही जुळवून पाहतात.

जोत्याच्या दगडातही ही वीण असू शकते, पण ती आता दिशा सांगू शकत नाही. खाणीत तो कोणत्या बाजूला तोंड करून होता हे पाथरवटाच्या पहिल्या घावाबरोबरच हरवले. त्यामुळे नमुना मूळ खडकातून सुटण्याआधीच त्यावर दिशेची खूण करतात; आणि बेसाल्टच्या चुंबकत्वाने होकायंत्राची सुई भरकटू शकत असल्याने ती खूण अनेकदा सूर्याच्या सावलीवरून ताडून घेतात.