गिरगावची मंदिरे आणि गिरगावच्या खोल्या

धर्मसुधारणेच्या चळवळींना गिरगावाने जितका आश्रय दिला तितका मुंबईच्या दुसऱ्या कोणत्या वस्तीने क्वचितच दिला असेल. हा लौकिक खरा आहे. पण तो अर्धा आहे, असे आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे.

मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. सभासदाने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे अशी तिची कसोटी. पण हे सारे दारास कडी घालून! १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि मंडळींची पांगापांग झाली. या सभेतील दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघड्या दाराने. त्याचे मंदिर गिरगावात उभे राहिले व समाजाचे नाव त्या नाक्यासच चिकटले. एप्रिल १८७५ मध्ये स्वामी दयानंदांनी आर्यसमाज स्थापिला तोही गिरगावातच, एका पारशी डॉक्टराच्या बागेत. पुढे १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव बसला. मूर्तिपूजा न मानणारे दोन समाज, मूर्ती चाळीच्या चौकात आणणारा उत्सव आणि खोताच्या वाडीतील ख्रिस्ती बिऱ्हाडे ही सर्व एकाच वस्तीत नांदली, हे थोडे नव्हे.

परंतु मंदिरातून निघून माणूस घरी जातो कोठे? चाळीतल्या खोलीत, आणि खोली देताना पुष्कळ वाड्यांत प्रथम आडनाव विचारले जाई. विठ्ठल रामजी शिंदे यांनी प्रार्थना समाजाच्या पाठिंब्याने ऑक्टोबर १९०६ मध्ये अस्पृश्य मुलांची शाळा काढली ती परळास. मुले जेथे राहत तेथेच शाळा निघाली, यात गैर काय? काहीच नाही. ती मुले गिरगावात का राहत नव्हती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, हा जुना हिशेब आता कशास? तो जुना नाही. गिरगावच्या चाळी आज पाडल्या जात आहेत, मनोरे चढत आहेत आणि त्यांबरोबर नव्या सोसायट्यांचे पोटनियम लिहिले जात आहेत. सभासदत्व एका समाजापुरते राखणारा अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला, हा दाखला वकील मंडळी तत्परतेने पुढे करतील. आम्हीही त्याच धंद्यातले असल्याने हे जाणतो. पण न्यायालयाने असा नियम करण्यास मुभा दिली आहे, तो केलाच पाहिजे अशी आज्ञा दिलेली नाही. जागेच्या किमतीचा विचार करणाऱ्या व्यापारी वाचकांस तर गिऱ्हाइकाची जात विचारून कोणाची पेढी भरभराटीस आली, हे आम्ही विचारावयास नको.

तेव्हा ज्यांच्या चाळीची सर्वसाधारण सभा जवळ आली असेल, त्यांनी मसुद्यातील चटईक्षेत्राचे कलम वाचण्यापूर्वी सभासदत्वाचे कलम वाचावे, व त्यात एखाद्या जातीचे वा धर्माचे नाव आढळल्यास तेथल्या तेथे उभे राहून लेखी हरकत नोंदवावी.