विवर पाहिलं, पण लोणार पाहिलं का?

लोणारला येणारा पर्यटक विवराच्या काठावर उभा राहतो, फोटो काढतो आणि परततो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्ट खडकात अशनीपाताने घडलेलं हे विवर जगात दुर्मीळ आहे, हे खरंच. तरीही गावातलं दैत्यसूदन मंदिर टाळणाऱ्याला लोणार अर्धंच कळतं. तारकाकृती तलविन्यासाच्या या विष्णुमंदिराच्या काळ्या पाषाणातल्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत, छतावर पुराणकथा कोरलेल्या आहेत. लवणासुराला विष्णूने इथेच मारलं, ही लोणारची कथा या मंदिराच्या नावातच आहे.

कुणी म्हणेल, अशी मंदिरं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत आणि दंतकथा म्हणजे विज्ञान नव्हे. दोन्ही मान्य. पण प्रचंड खड्डा आणि त्यातल्या सरोवराचं खारं पाणी यांचा अर्थ लावायची माणसाची धडपड प्रयोगशाळेत सुरू झाली नाही. ती आधी कथेत आणि दगडात उमटली. विज्ञानाला अशनीपाताचा पुरावा, आघाताने बदललेल्या खनिजांच्या रूपात, विसाव्या शतकात मिळाला. २०२० साली सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा लाभला. जतनाची तीच आस्था धार या झऱ्याच्या गोमुखाला, सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या मंदिराला आणि दैत्यसूदनालाही मिळायला हवी. म्हणून लोणारसाठी सबंध दिवस राखून ठेवा.