शालेय समुपदेशक

शालेय समुपदेशक म्हणजे शाळेतील विद्यार्थ्यांच्या भावनिक, सामाजिक आणि शैक्षणिक अडचणींवर शाळेच्या आवारातच काम करणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. या व्यक्तीची पार्श्वभूमी मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्य यांपैकी कोणत्याही विषयाची असू शकते. शालेय समुपदेशक औषधे देत नाही आणि मनोविकाराचे वैद्यकीय निदानही करीत नाही. अडचण लवकर ओळखणे, विद्यार्थ्याला बोलण्यासाठी सुरक्षित जागा देणे, शिक्षक व पालक यांना सोबत घेणे आणि गरज असेल तेथे विद्यार्थ्याला तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे ही त्याची प्रमुख कामे आहेत. माध्यमिक शाळेत हे काम विशेष नाजूक ठरते. येथील विद्यार्थी स्वतःच्या खासगीपणाविषयी जागरूक असतो. कायद्याने मात्र तो अज्ञान असतो आणि त्याच्या हिताची जबाबदारी पालक व शाळा यांच्यावर असते.

पार्श्वभूमी

माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेतील विद्यार्थी साधारणपणे १३ ते १८ या वयोगटातील असतात. शारीरिक बदल, मैत्री आणि आकर्षण, घरातील अपेक्षा, दहावी-बारावीच्या परीक्षा यांचा ताण याच काळात एकत्र येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेता विज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला.

मुलाच्या वागण्यातील बदल अनेकदा प्रथम शाळेत दिसतो. हजेरीपटावरील वाढत्या गैरहजेऱ्या, अर्धवट वह्या, डबा न खाणे, मित्रांपासून दूर बसणे, दर सोमवारी सकाळी होणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी ही अशा बदलांची काही उदाहरणे आहेत. मनोविकारतज्ज्ञ बहुतांशी शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, आणि त्यांच्याकडे जाण्याविषयी अनेक कुटुंबांच्या मनात संकोच असतो. त्यामुळे पहिली मदत शाळेतच मिळावी, हा शालेय समुपदेशनामागील मुख्य विचार आहे.

इतिहास

शालेय समुपदेशनाचा उगम व्यवसाय मार्गदर्शनाच्या चळवळीत आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे केंद्र सुरू केले. पुढे या मार्गदर्शनाला विद्यार्थ्याच्या भावनिक गरजांचीही जोड मिळाली.

भारतात मुंबई येथील सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने (आताची टाटा समाजविज्ञान संस्था) १९३७ मध्ये बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले. कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये मार्गदर्शनाचे काम सुरू झाले. माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२-५३) शाळांमध्ये मार्गदर्शन अधिकारी असावेत अशी शिफारस केली. शिक्षण आयोगाने (कोठारी आयोग, १९६४-६६) निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचवले. मात्र अनेक दशके शालेय मार्गदर्शन हे प्रामुख्याने दहावीनंतरच्या शाखानिवडीपुरते राहिले. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतली गेलेली 'कल चाचणी' हा याच परंपरेतील उपक्रम होता.

कामाचे स्वरूप

व्यक्तिगत समुपदेशन

विद्यार्थी समुपदेशकाकडे तीन मार्गांनी येतो: स्वतःहून, शिक्षकाने पाठवल्यामुळे किंवा पालकांनी विनंती केल्यामुळे. शिक्षकाने पाठवलेल्या विद्यार्थ्याला ही शिक्षाच वाटण्याची शक्यता असते. त्यामुळे आपल्याला येथे का पाठवले असे त्याला वाटते, हे विचारून पहिल्या भेटीची सुरुवात केली जाते. सल्ला देण्यापेक्षा ऐकून घेणे, भावनांना शब्द मिळवून देणे आणि उपलब्ध पर्याय विद्यार्थ्याकडूनच मांडून घेणे यांवर भर असतो. एक भेट साधारणतः एका तासिकेएवढी असते. ती सतत एकाच विषयाच्या तासाला येऊ नये याची काळजी घेतली जाते, कारण एरवी मदतीसाठी आलेला विद्यार्थी अभ्यासात आणखी मागे पडू शकतो.

उदाहरणार्थ, नववीतील एखादी हुशार विद्यार्थिनी एकाएकी नापास होऊ लागली, तर वर्गात ते दुर्लक्ष किंवा आळस म्हणून पाहिले जाण्याची शक्यता असते. समुपदेशक मात्र झोप, भूक, घरातील वातावरण, मैत्रिणींशी झालेले भांडण, समाजमाध्यमांवरील छळ, दृष्टिदोष अशा अनेक शक्यता क्रमाने तपासतो. अपुरी झोप किंवा चष्म्याचा वाढलेला नंबर यांसारखे साधे कारणही पुढे येऊ शकते. त्याचप्रमाणे नैराश्य किंवा अत्याचारही उघड होऊ शकतो.

अध्ययन अक्षमता

वाचन, लेखन किंवा गणित यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमता काही वेळा माध्यमिक शाळेपर्यंत ओळखली जात नाही. समुपदेशक वर्गातील निरीक्षण आणि वह्यांची पाहणी करून शंका नोंदवतो. बुद्धिमापन व शैक्षणिक चाचण्या पात्र मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक करतात. भारतात बुद्धिमापनासाठी मालिन यांनी केलेले वेश्लर मापनश्रेणीचे भारतीय रूपांतर दीर्घकाळ वापरले गेले आहे. अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र मिळाल्यास विद्यार्थ्याला मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. या कामात वेळेला महत्त्व असते. दहावीच्या वर्षी धावपळ सुरू केल्यास प्रमाणपत्र परीक्षेआधी हाती येईलच असे नाही.

गटकार्य, शिक्षक आणि पालक

वर्गपातळीवर ताण, दादागिरी, व्यसने, मोबाइलचा वापर, सुरक्षित व असुरक्षित स्पर्श अशा विषयांवर सत्रे घेतली जातात. अशा सत्रानंतर काही विद्यार्थी स्वतःहून भेटायला येतात. शिक्षकांसाठी धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले जाते. पालकांशी बोलताना 'तुमच्या मुलात दोष आहे' असा सूर टाळून घर आणि शाळा यांनी मिळून काय करता येईल, यावर संभाषण ठेवले जाते.

संदर्भसेवा

तीव्र नैराश्य, भास-भ्रम, आहारविकार, व्यसनाधीनता किंवा स्वतःला इजा करणे अशा स्थितीत विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञ अथवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले जाते. चिठ्ठी देण्याने हे काम संपत नाही. कुटुंब प्रत्यक्ष पोहोचले का, उपचार सुरू राहिले का आणि विद्यार्थी वर्गात परतल्यावर अभ्यासाचा भार काही काळ हलका करता येईल का, हेही समुपदेशक पाहतो.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

गोपनीयता हा शालेय समुपदेशनाचा पाया मानला जातो. सांगितलेली गोष्ट शिक्षकखोलीत चर्चिली जाईल अशी शंका आली, तर विद्यार्थी बोलणे थांबवतो. एका विद्यार्थ्याचा अनुभव वर्गभर पसरला, तर इतरही येत नाहीत. तरीही संपूर्ण गोपनीयतेचे वचन देणे योग्य मानले जात नाही, कारण ते पाळता येणार नसते. म्हणून या मर्यादा पहिल्याच भेटीत, विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत सांगितल्या जातात. सामान्यतः तीन अपवाद स्पष्ट केले जातात: विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिवाला धोका असणे, त्याच्याकडून दुसऱ्या कोणाला धोका असणे आणि त्याच्यावर अत्याचार होत असणे.

अत्याचाराच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या (पॉक्सो) कलम १९ नुसार, असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची आशंका असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलीस यांना कळवणे बंधनकारक आहे. तसे न करणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. शाळेच्या नावाला धक्का लागेल म्हणून प्रकरण 'आपसात मिटवणे' या तरतुदींमुळे बेकायदेशीर ठरते.

याच तरतुदींमुळे एक पेचही उभा राहतो. कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची संमती ग्राह्य धरली जात नाही. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या दोन विद्यार्थ्यांमधील परस्परसंमतीचे शारीरिक संबंधही कळवण्याच्या कक्षेत येतात. मदतीसाठी विश्वासाने आलेल्या विद्यार्थ्याच्या सांगण्यातून पोलीस तपास सुरू होऊ शकतो, आणि ही भीती इतर विद्यार्थ्यांना गप्प करू शकते. या प्रश्नावर कायदेतज्ज्ञ, बालहक्क कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्यात मतभेद आहेत.

जेथे धोका नसतो तेथे पालक आणि मुख्याध्यापक यांना किती सांगावे, हा रोजचा प्रश्न असतो. प्रचलित पद्धतीनुसार शिक्षकाला आवश्यक तेवढेच सांगितले जाते. 'काही दिवस तिला फळ्याजवळ उभे करून प्रश्न विचारू नयेत' एवढी सूचना पुरेशी असते, तिचे कारण सांगावे लागत नाही. पालकांना काय सांगायचे आणि कोणी सांगायचे हे शक्यतो विद्यार्थ्याशी बोलून ठरवले जाते. समुपदेशनाच्या नोंदी प्रगतिपुस्तकापासून वेगळ्या आणि कुलूपबंद ठेवल्या जातात.

तातडीचे प्रसंग

विद्यार्थ्याने मरणाचा विचार बोलून दाखवल्यास त्याला थेट आणि शांतपणे प्रश्न विचारणे योग्य मानले जाते. असे विचारल्याने मनात नसलेला विचार रुजतो, हा समज चुकीचा आहे. अशा वेळी विद्यार्थ्याला एकटे सोडले जात नाही. पालकांना त्याच दिवशी बोलावले जाते, घरातील घातक वस्तू आवाक्याबाहेर ठेवण्यास सांगितले जाते आणि तज्ज्ञांची भेट ठरवली जाते. विद्यार्थ्यावर रागावू नये, त्याला उपदेश करू नये, ही सूचना पालकांना आवर्जून दिली जाते. 'टेली-मानस' (१४४१६) ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य साहाय्यवाणी ऑक्टोबर २०२२ पासून आणि मुलांसाठीची 'चाइल्डलाइन' (१०९८) ही सेवा १९९६ पासून उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले जाते.

पात्रता

भारतात या पदासाठी प्रामुख्याने मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किंवा मार्गदर्शन व समुपदेशनातील पदविका अपेक्षित असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एनसीईआरटी) असा पदविका अभ्यासक्रम चालवते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. 'समुपदेशक' या नावाचा वापर मात्र दीर्घकाळ अनियंत्रित राहिला. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ मध्ये वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचा समावेश करण्यात आला.

धोरण आणि सद्यःस्थिती

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) संलग्नता नियमांत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांनी समुपदेशक नेमण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे. भावनिक स्वास्थ्य हा त्यातील एक विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, तर लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था ठेवावी, असे निर्देश दिले.

महाराष्ट्रात मोठ्या शहरांतील अनेक खासगी शाळांमध्ये पूर्णवेळ समुपदेशक आढळतात. राज्य मंडळाशी संलग्न अनुदानित आणि ग्रामीण शाळांमध्ये हे काम अनेकदा शिक्षकांकडेच अतिरिक्त जबाबदारी म्हणून येते. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात दूरध्वनीवरून समुपदेशनाची सोय करते. ठाणे येथील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आणि पुण्यातील ज्ञानप्रबोधिनी यांसारख्या संस्थांनी विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासाठी मराठीतून काम केले आहे.

अडचणी आणि टीका

विद्यार्थिसंख्येच्या तुलनेत समुपदेशकांची संख्या ही सर्वांत ठळक अडचण आहे. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. जेथे एकाच व्यक्तीकडे हजाराहून अधिक विद्यार्थी असतात, तेथे प्रतिबंधात्मक काम मागे पडते आणि केवळ तातडीचे प्रसंग हाताळले जातात. समुपदेशकाला बदली तासिका, परीक्षेचे पर्यवेक्षण किंवा कार्यालयीन कामे दिली जाणे ही दुसरी तक्रार आहे. दिलेल्या वेळी समुपदेशक जागेवर नसेल, तर धीर एकवटून आलेला विद्यार्थी परत येईलच असे नाही.

शिक्षकानेच समुपदेशक व्हावे काय, याबद्दलही वाद आहे. शिक्षक विद्यार्थ्याला रोज पाहतो, त्याचे घर व भाषा जाणतो, हा फायदा आहे. परंतु गुण देणारा, शिस्त लावणारा आणि गुपित ऐकणारा एकच असेल तर विद्यार्थी मोकळेपणाने बोलणे कठीण होते. समुपदेशक शाळेचा पगारी कर्मचारी असल्याने शाळेच्या वागण्यामुळेच विद्यार्थ्याला त्रास होत असेल तेव्हा त्याची कोंडी होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे; तरी अशी बाब वरिष्ठांपुढे मांडण्यासाठी समुपदेशकाला पुरेसे व्यावसायिक स्वातंत्र्य लागते. परीक्षाकेंद्री व्यवस्था, तुटपुंजी मैदाने आणि घरची आर्थिक ओढाताण तशीच ठेवून केवळ विद्यार्थ्याला ताण सहन करायला शिकवणे अपुरे आहे, अशीही टीका होते.

सतत दुःखद प्रसंग ऐकल्याने समुपदेशकालाही मानसिक थकवा येतो. त्यासाठी अनुभवी व्यावसायिकाचे नियमित पर्यवेक्षण आवश्यक मानले जाते. शाळेत एकट्याने काम करणाऱ्यांना ते सहजासहजी मिळत नाही.

हे सुद्धा पहा

समुपदेशन
पौगंडावस्था
अध्ययन अक्षमता
मानसिक आरोग्य
शैक्षणिक मानसशास्त्र