विश्लेषण : मीम कुणाचे? ज्याला सुचले त्याचे, की ज्याचे चित्र त्याचे?

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातले धनंजय माने आणि मंडळी आजही घरभाड्यापासून पगारवाढीपर्यंत आणि पालिका निवडणुकीपासून आयपीएलपर्यंत कुठल्याही विषयावर व्हॉट्सॲपवर रोज हजेरी लावतात. चित्र जुने, त्यावरची ओळ ताजी. ती ओळ कुणाला सुचली हे मात्र सहसा कुणालाच माहीत नसते. सकाळी एखाद्या छोट्या पेजने केलेले मीम दुपारपर्यंत फॅमिली ग्रुपवर येते, तोवर कोपऱ्यातले नाव कापलेले असते. संध्याकाळी तेच मीम लाखो फॉलोअर असलेल्या एखाद्या पेजवर, त्या पेजच्या शिक्क्यासह झळकते आणि जाहिरातदार पैसे देतात ते त्या मोठ्या पेजला. मूळ मीमरला या सगळ्यात काही हक्क आहे का, आणि असायला हवा का?

कायद्याच्या लेखी मीम म्हणजे काय?

भारतात या बाबतीत कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. त्यात मीमसाठी वेगळे कलम नाही. पण छायाचित्र, रेखाचित्र, लिखित मजकूर, चित्रपट, ध्वनिमुद्रण या सर्वांना संरक्षण आहे आणि मीम बहुधा यांपैकी दोन-तीन गोष्टींची मोट बांधूनच तयार होते. नोंदणी सक्तीची नाही. कलाकृती निर्माण झाली की हक्क आपोआप मिळतो. त्यामुळे चित्रही स्वतः काढलेले आणि ओळही स्वतः लिहिलेली असेल, तर ते मीम करणाऱ्याचेच.

अडचण अशी की, बहुतेक मीम्स तशी नसतात. चित्र चित्रपटातले असते. चित्रपटावरील हक्क निर्मात्याचा असतो आणि तो प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. या हिशेबाने ‘बनवाबनवी’तील दृश्ये २०४८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. मीमरची भर असते ती फक्त ओळीची, आणि ती फार छोटी असेल तर कायदा तिला ‘कृती’ मानायला सहसा तयार होत नाही. ‘देसी बॉइज’ या शीर्षकावरून झालेल्या वादात, नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात, केवळ मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी सर्जनशीलता दिसायला हवी, अशी कसोटी याच न्यायालयाने घालून दिली होती. नेमक्या वेळी नेमक्या चित्रावर नेमके तीन शब्द टाकण्यात सर्जनशीलता आहेच. मीमची सगळी गंमत तिथेच असते. पण कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. तीन शब्दांत मांडणी अशी उरतेच किती?

एका मीममध्ये वाटेकरी किती?

ऑगस्ट २०२० आठवून पाहा. आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाते या तरुण संगीतकाराने ‘साथ निभाना साथिया’ या मालिकेतील कोकिलाबेनच्या फटकारण्याला चाल लावली. कुकर, चणे आणि रसोड्यात नेमके कोण होते, हा प्रश्न टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाच्या तोंडी बसला. यातले वाटेकरी मोजायचे झाले तर मालिकेचा संवादलेखक, तो संवाद म्हणणाऱ्या अभिनेत्री रूपल पटेल, मालिकेचे निर्माते, वाहिनी आणि चाल लावणारा मुखाते. शिवाय त्या चालीवर आपापली रील्स करणारे असंख्य लोक.

काटेकोर कॉपीराइटच्या भाषेत त्या दृश्याला हात लावण्याआधी हक्कदारांची परवानगी घ्यायला हवी होती. तशी ती मागत बसावे लागले असते, तर ते गाणे बहुधा झालेच नसते. प्रत्यक्षात २०१७ मध्ये संपलेल्या त्या मालिकेचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२० मध्ये पडद्यावर आला. मुखाते यांना देशभर नाव मिळाले, अभिनेत्रीला नव्याने प्रसिद्धी, वाहिनीला नवी मालिका. संवादलेखकाचे नाव मात्र या गदारोळात कुठे ऐकल्याचे आठवत नाही. सगळे नाचले ते त्याच्याच शब्दांवर!

न्यायालयात कोण जिंकले?

अमेरिकेत अशी प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली आहेत. त्यातले ‘सक्सेस किड’चे उदाहरण सर्वांत बोलके. समुद्रकिनाऱ्यावर मूठ आवळून उभ्या असलेल्या तान्ह्या मुलाचा हा फोटो २००७ मध्ये त्याच्या आईने, लेनी ग्रायनर यांनी काढला. मूल खरे तर वाळू खायच्या बेतात होते. जगाने त्या मुठीत विजय पाहिला. ग्रायनर यांनी २०१२ मध्ये फोटोच्या कॉपीराइटची नोंदणी केली आणि कंपन्यांना रीतसर परवाने दिले. सर्वसामान्यांनी केलेल्या मीम्सविरुद्ध त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. जानेवारी २०२० मध्ये आयोवाचे तत्कालीन खासदार स्टीव्ह किंग यांच्या प्रचार समितीने देणग्या मागण्यासाठी तो फोटो वापरला, तेव्हा मात्र त्यांनी दावा ठोकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्युरीने समितीला दोषी धरले. भरपाई किती? ७५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जेमतेम ६० हजार रुपये. कायद्यातील किमान रक्कम. अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये हा निकाल कायम ठेवला. चार वर्षांच्या लढाईत वकिलांवर किती खर्च झाला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दुसऱ्या टोकाला ‘ग्रम्पी कॅट’. कायम रुसलेल्या चेहऱ्याच्या या मांजरीच्या मालकांनी एका पेय कंपनीला तिच्या नावाने कॉफी विकण्याचा परवाना दिला होता. कंपनीने कराराबाहेरच्या वस्तूंवरही तो चेहरा छापला आणि जानेवारी २०१८ मध्ये ज्युरीने तिला ७ लाख १० हजार १ डॉलर भरायला लावले. ‘पेपे द फ्रॉग’ या बेडकाचे जनक चित्रकार मॅट फ्युरी यांची कथा वेगळी. त्यांच्या २००५ च्या कॉमिकमधला हा निरुपद्रवी बेडूक अमेरिकेतील अतिउजव्या गटांनी पळवला. पोस्टरवर त्याचे चित्र छापणाऱ्या ‘इन्फोवॉर्स’विरुद्ध फ्युरी न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये १५ हजार डॉलरवर तडजोड झाली. त्यांचा लढा पैशांसाठी नव्हताच, आपले पात्र द्वेषाच्या कामी येऊ नये यासाठी होता.

या तिन्ही प्रकरणांत जिंकले ते मूळ फोटोचे, चेहऱ्याचे किंवा पात्राचे मालक. ‘सक्सेस किड’वर पहिल्यांदा विनोदी ओळ लिहून त्याचे मीम कुणी केले, तो या हिशेबात कुठेच नाही. २०२१ मधील एनएफटीच्या लाटेतही हेच दिसले. ‘डोज’ मीममधील जपानी कुत्रीचा फोटो त्या वर्षी जूनमध्ये सुमारे ४० लाख डॉलरना विकला गेला. तो विकला कुत्रीच्या मालकिणीने, म्हणजे फोटो काढणाऱ्या व्यक्तीने. त्या फोटोभोवती मोडक्यातोडक्या इंग्रजीची रंगीत नक्षी काढून ज्यांनी त्याचा ‘डोज’ केला, ते अनामिकच राहिले.

मग मीमरलाच कडक हक्क द्यावा का?

ऐकायला न्याय्य वाटते. पण कॉपीराइटची तलवार कडक केली तर तिचा पहिला वार मीमरवरच होईल, कारण परवानगीशिवाय दुसऱ्याचे चित्र वापरणारा पहिला माणूस तोच. जर्मनीतील ‘गेट डिजिटल’ या कंपनीने आपल्या ब्लॉगवर बावळट पेंग्विनचे प्रसिद्ध मीम टाकले होते. मूळ फोटो नॅशनल जिऑग्राफिकच्या छायाचित्रकाराचा. २०१५ मध्ये ‘गेटी इमेजेस’ने त्यांच्याकडे सुमारे ७८५ युरो मागितले आणि कंपनीने ते भरले. पुढे तिने स्वतःचा पेंग्विन काढून तो सगळ्यांना मोफत देऊन टाकला.

आपल्याकडे धोका अधिक. भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये न्याय्य वापराची मुभा आहे, पण ती खासगी वापर, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन अशा ठरावीक कारणांपुरती. विडंबनाचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात अवतरण, टीका, व्यंगचित्र, विडंबन यांना नाव घेऊन वगळले, कारण त्या वेळी ‘मीम्सवर बंदी येणार’ म्हणून तिथे मोठा गहजब झाला होता. भारतात आधार आहे तो न्यायालयीन निवाड्यांचा. एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये न्याय्य वापर मानले होते. पण ते मूळ नाटकावरचे भाष्य होते. धनंजय मानेंच्या तोंडी पेट्रोलचे दर घालणारे मीम चित्रपटावर काहीच भाष्य करत नसते.

त्यात यूट्यूबसारख्या मंचावर न्यायालयाआधी ‘स्ट्राइक’ येतो. तीन स्ट्राइक जमले की अख्खे चॅनेल बंद होऊ शकते. मे २०२५ मध्ये ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने काही सेकंदांच्या दृश्यांसाठी स्ट्राइक देऊन लाखो रुपये मागितल्याचा आरोप मोहक मंगल या यूट्यूबरने केला. आपण आपल्या कायदेशीर हक्कांचेच रक्षण करत आहोत, अशी वृत्तसंस्थेची भूमिका होती. खरे-खोटे न्यायालय ठरवील, पण अशा मागणीसमोर महिन्याला चार-पाच हजार कमावणारा मीमर किती वेळ टिकणार?

ज्याचा चेहरा आहे त्याचे काय?

जॅकी श्रॉफ यांनी आपले नाव, आवाज आणि ‘भिडू’ या शब्दाच्या व्यापारी वापराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. मे २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना बऱ्याच अंशी संरक्षण दिले, पण त्यांच्या मुलाखतींतून ‘ठग लाइफ’ चित्रफीत करणाऱ्या यूट्यूबरला रोखायला त्या टप्प्यावर नकार दिला. अशी मीम्स आणि विडंबने ही अभिव्यक्ती आहे आणि अनेक तरुणांचे पोट त्यावर चालते, याची दखल न्यायालयाने घेतली. रेषा कुठे ओढली गेली ते इथे दिसते. विनोद चालेल, पण चेहरा छापून वस्तू विकणे चालणार नाही. ताऱ्यांसाठी ही व्यवस्था ठीक आहे. एखाद्या लग्नातल्या काकूंचा किंवा परीक्षेत नापास झालेल्या मुलाचा फोटो फिरू लागला, तर त्यांच्यासाठी दिल्लीत वकील कोण उभा करणार? ‘सक्सेस किड’ प्रकरणातही मुलाच्या खासगीपणाचा भंग झाल्याचा दावा ज्युरीने फेटाळलाच होता.

निदान श्रेय तरी?

हक्क आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारतीय कायदाही त्या वेगळ्याच मानतो. कलम ५७ नुसार कॉपीराइट विकून टाकला तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांना, विज्ञान भवनातील त्यांच्या शिल्पाची सरकारकडून झालेली मोडतोड पाहता, पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देवविले होते. मीमरच्या वेदनेवर हे औषध अधिक लागू पडते. त्याला फॉरवर्ड थांबवायचे नसतात. मीम या शब्दाचे मूळच अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये तो त्याच अर्थाने घडवला. न पसरलेले मीम हे मीमच नव्हे. पसरताना नाव सोबत जावे, एवढीच त्याची मागणी असते. नाव टिकले तर फॉलोअर येतात, त्यातून काम मिळते.

आपल्या संतकवींनी हा प्रश्न शतकांपूर्वी सोडवला होता. शेवटच्या चरणात नाममुद्रा अशी गुंफायची की ती काढली तर अभंगच लंगडा व्हावा. मीमच्या कोपऱ्यातला शिक्का मात्र अंगठ्याच्या एका हालचालीत कापला जातो. मराठी व्हॉट्सॲपचा आजार तर दुहेरी आहे. इथे खऱ्या लेखकाचे नाव गळते आणि कुणाचाही मजकूर पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर खपतो.

दबावाने फरक पडतो, हे दिसले आहे. इतरांचे विनोद उचलून मोठ्या झालेल्या अमेरिकेतील ‘जेरी मीडिया’विरुद्ध फेब्रुवारी २०१९ मध्ये विनोदकारांनी मोहीम उघडली, तेव्हा संस्थापकाला माफी मागून यापुढे परवानगी घेण्याचे कबूल करावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने, ३० दिवसांत १० किंवा अधिक वेळा दुसऱ्यांचा मजकूर जसाच्या तसा टाकणाऱ्या खात्यांची शिफारस बंद करण्याचे आणि उचललेल्या मजकुरावर मूळ कर्त्याचे लेबल लावण्याचे जाहीर केले. तरीही ‘क्रेडिट : रिस्पेक्टिव्ह ओनर’ ही ओळ रोज वाचायला मिळते. म्हणजे, मालक आहे हे मान्य, शोधायचे कष्ट नामंजूर.

कायद्याने दाद मागायची तर कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर मंचाने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. मात्र तक्रारदाराला दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी द्यावी लागते. तो आला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो. आणि मीमचे आयुष्य बहुतेकदा २१ दिवसांचेही नसते.