रोव्हर आला, तरी शेताची हद्द सांगते ३३ फुटांची साखळी!

सोलापूर : शेताची मोजणी आता उपग्रहाच्या मदतीने चालणाऱ्या रोव्हरने होते. काही सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू मिळतो. तरीही बांधाचे वाद का होतात? कारण रोव्हर फक्त जागा दाखवतो. हद्द कुठे होती, हे जुना अभिलेख सांगतो. त्याचा पाया आहे ब्रिटिशकालीन शंकू-साखळी.

साखळी आली कुठून?

इंग्लंडचे गणितज्ञ एडमंड गंटर यांनी १६२०च्या सुमारास ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी रूढ केली. तिथल्या कोळसा खाणींतही 'डायल' नावाचे होकायंत्र आणि साखळी घेऊनच बोगदे मोजत. मुंबई इलाख्यात तिच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरली गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी करून १८३६ मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यात शेतसारा ठरवला. पुढे हीच पद्धत सोलापूर जिल्ह्यातही आली.

गुंठा कसा ठरला?

एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १ गुंठा : ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. साखळीचे १६ भाग म्हणजे १६ आणे.

मोजणी कशी व्हायची?

शेतातून एक सरळ रेषा धरायची. शंकूने काटकोन साधून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे अंतर साखळीने मोजायचे. ही अंतरे 'टिपण' या नोंदीत उतरत. क्षेत्राचा हिशेब गुणाकार बुकात होई.

फरक कशामुळे पडतो?

वापरून कड्या झिजतात, साखळी लांबते. ३३ फुटांची साखळी ३ इंच वाढली, तर १० एकरांचे शेत सुमारे ६ गुंठे कमी भरते. चढ-उतारावर साखळी आडवी ताणली नाही, तर अंतर उलट जास्त येते.

दुसरा घोळ एककांचा. गुंठा आणि आर एकच नव्हेत. १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, तर १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे १० एकर म्हणजे ४ हेक्टर नव्हे, तर ४ हेक्टर ४.६९ आर.

तुम्ही काय कराल?

- मोजणीआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण आणि गुणाकार बुकाच्या नकला घ्या.
- सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्दीची मापे नसतात. केवळ त्यावर विसंबू नका.
- नांगरट करताना हद्दीचे दगड हलवू नका. जुनी मापे जमिनीवर जुळवायला तेच उपयोगी पडतात.
- मोजणीच्या वेळी शेजारच्या खातेदारांसह हजर राहा.