पाप कोणाचे?

पोंभुर्णा तालुक्यातल्या गावांत उन्हाळा म्हणजे जंगलात जाण्याचे दिवस. आधी मोहफुले वेचायची, मग मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा. ताडोबा-अंधारीच्या भोवतालचे हे सगळे रान वाघांचे आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. पहाटे पानांसाठी गेलेली बाई घरी परतत नाही. पंचनामा होतो, वनखात्याची भरपाई मिळते, तेरावे होते. घरात मागे उरतो तो एकच प्रश्न: हिच्याच वाट्याला हे का आले?

हाच प्रश्न सिकलसेल हा रक्ताचा आजार घेऊन जन्मलेल्या लेकराच्या आईला पडतो, अंगावर कुष्ठरोगाचा चट्टा उठलेल्या माणसाला पडतो. गावाकडे त्याचे उत्तर बहुधा तयार असते. कोणी गेल्या जन्मीचे पाप म्हणतो, कोणी आईबापांचे, कोणी करणी. ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाशी दोन हजार वर्षे झुंज घेतली आहे. या भागाला तो धर्म परका नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने तेव्हाच्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, काम सुरू केले. १९६२ साली केरळातल्या सिरो-मलबार चर्चने चांदा हे आपले मिशनक्षेत्र केले आणि १९७७ मध्ये त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट चर्चेसनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तेही शेजारच्या नागपुरात.

तीन विधानांची गाठ

कर्मसिद्धांतात दुःखाचा हिशेब चुकत नाही. प्रत्येक भोगामागे एक कर्म असतेच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बौद्ध धम्माची दीक्षा दिली, तो दुःखाचे मूळ तृष्णेत शोधतो आणि त्यासाठी देवाला जबाबदार धरत नाही. ख्रिस्ती माणसाची अडचण वेगळी आहे. देव चांगला आहे, देव सर्वसमर्थ आहे आणि तरीही जगात दुष्टपणा व यातना आहेत, अशी तिन्ही विधाने त्याला एकदम मान्य करावी लागतात. त्यांतले एक सोडले तर गाठ लगेच सुटते. पण ख्रिस्ती श्रद्धेला एकही सोडता येत नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने दोन गोष्टी मांडल्या. पहिली, दुष्टता ही देवाने निर्माण केलेली वस्तू नाही. जे चांगले असायला हवे होते त्याची ती उणीव आहे. दुसरी, देवाने माणसाला स्वेच्छा दिली. प्रेम जबरदस्तीने करवून घेता येत नाही, म्हणून नकार देण्याची मोकळीकही द्यावी लागली. आदामाने ती वापरली आणि सगळ्या मनुष्यजातीचे पतन झाले. १९७४ साली अमेरिकी तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी स्वेच्छेचा हाच युक्तिवाद आधुनिक तर्कशास्त्राच्या भाषेत नव्याने उभा केला. खून, बलात्कार, जातीचा जाच, सावकारी यांना हे उत्तर पुरते. माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाचा जाब माणसालाच द्यावा लागतो.

वाघाला मात्र ते लागू पडत नाही. वाघ पापी नसतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने नेमका असाच दाखला घेतला होता: शिकार मेली नाही तर सिंह जगणार नाही, सगळे अनिष्ट रोखले तर पुष्कळ इष्टही नाहीसे होईल. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० साली याला आणखी एक जोड दिली. माणसे एकत्र जगायची तर निसर्गाचे नियम सर्वांना सारखे आणि भरवशाचे हवेत, आणि असे नियम कधीतरी कोणाला तरी इजा करणारच. सिकलसेलचे जनुक हे याचे बोलके उदाहरण आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच ते आले तर मुलाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते टिकून राहिले. दोघांकडून आले तर मूल जन्मभर वेदना सोसते.

दुसऱ्या शतकातल्या इरेनियसची मांडणी याहून वेगळी होती. त्याच्या मते माणूस सुरुवातीला परिपूर्ण नव्हताच. तो अजाण होता आणि त्याला अजून वाढायचे होते. हाच धागा पकडून जॉन हिक यांनी १९६६ मध्ये हे जग म्हणजे आत्मा घडण्याची जागा आहे असा विचार मांडला. धैर्य, दया, क्षमा हे गुण संकटाविना येत नाहीत, हे खरेच आहे.

तरीही ही सारी उत्तरे मी एका कसोटीवर लावून पाहतो. तेंदूपत्त्याला गेलेल्या बाईचे प्रेत अंगणात ठेवलेले असताना तिच्या मुलांसमोर हे वाक्य उच्चारता येईल का? अक्वायनसचे वाक्य चितळ आणि वाघापुरते ठीक आहे. त्या अंगणात ते क्रूर ठरते. ही अडचण सर्वांत धारदारपणे मांडणारा लेखक स्वतः ख्रिस्ती होता. दोस्तोयेव्हस्कीच्या १८८० सालच्या ‘करमाझोव्ह बंधू’ या कादंबरीत इव्हान म्हणतो की एका छळलेल्या लेकराच्या आसवांवर उभी राहणारी विश्वाची सुसंगती मला नको. लेखकाने त्याचे तोंड बंद केले नाही.

ईयोब आणि आंधळा

बायबलचा कल तत्त्वज्ञांहून निराळा आहे. ईयोबाच्या पुस्तकात एका नीतिमान माणसाची मुले, संपत्ती आणि आरोग्य सारे जाते. त्याचे मित्र येतात, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. तोवर ते योग्य वागतात. मग ते बोलू लागतात: तू पाप केले असशील, देव विनाकारण शिक्षा देत नाही. ईयोब हे ऐकून घेत नाही. तो देवालाच जाब विचारतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो. सिंहाला भक्ष्य कोण देतो, रानगाढवाला मोकळे कोण सोडतो, असे तो विचारतो. ईयोबाच्या दुःखाचे कारण मात्र सांगत नाही. पण एक निवाडा स्पष्ट देतो. देवाची बाजू घेणारे मित्र चुकले, आणि भांडणारा ईयोब खरे बोलला.

योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? आपल्या गावांत विचारला जाणारा प्रश्न तो हाच. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामाला लागतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची गोष्ट निघते. ती इतरांहून अधिक पापी नव्हती, हे येशू तिथेही ठामपणे सांगतो. पापाची फळे सर्व मानवजात भोगते असे ख्रिस्ती धर्म मानतो, पण अमुक माणसाचे दुःख हे त्याच्या अमुक पापाचे माप आहे असे म्हणण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही.

क्रूस ही त्यापुढची पायरी. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव स्वतः देह धारण करून अन्यायाने, नागवा, देवानेच टाकल्याचा आक्रोश करत मरतो. युद्धकैदी राहिलेल्या जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ साली यावरच ग्रंथ लिहिला. देव दुःखाकडे वरून पाहत नाही, तो त्याच्या आत असतो, हे त्यांच्या मांडणीचे सार. क्रुसानंतर पुनरुत्थान येते. दुःखाला शेवटचा शब्द मिळणार नाही, मेलेल्यांनाही न्याय मिळेल, ही आशा काढून घेतली तर ख्रिस्ती उत्तर अर्धेच राहते.

ज्यांनी भोगले त्यांची साक्ष

मराठी मुलखात या विचाराची परीक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात झाली. १८७४च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. चोविसाव्या वर्षाच्या आत त्यांनी इतके मृत्यू पाहिले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी कशा सांभाळतात हे त्यांनी पाहिले होते. ही दया आली कुठून, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. दुःखाचे तत्त्वज्ञान त्यांना कोणी शिकवले नाही. दुःखिताशी कसे वागायचे ते त्यांना दिसले.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आजचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. उपाशी मुलींमध्ये त्यांना आपले भूतकाळातले कुटुंब दिसले. शेकडो मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. १९०० सालापर्यंत केडगावच्या मुक्ती सदनात दीड हजारांहून अधिक जणी होत्या. त्या धर्मांतर घडवतात अशी टीकाही झाली, आणि आधाराच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते का, हा प्रश्न प्रत्येक मिशनला विचारलाच पाहिजे. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्याही आघातात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसरी साक्ष कुष्ठरोगाची. चंद्रपूर आणि गडचिरोली हे या रोगाचे जुने जिल्हे. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, ते याच वेदनेतून. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करत होते. बोटे रोगाने गळून पडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. मज्जातंतू बधिर होतात, चटका आणि काटा कळत नाही, आणि जखमा बोटे खातात. वेदना हा शरीराचा राखणदार आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण म्हणून त्यांनी वेदनेची पूजा केली नाही. हात सरळ केले, बधिर पायांसाठी मऊ रबराची पादत्राणे करवून घेतली. कुष्ठरुग्णांना आज मिळणारी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल त्याच परंपरेतली आहे.

माझ्या मते ख्रिस्ती विचाराचे खरे मोल इथे आहे. दुःख का, याचे संपूर्ण उत्तर त्याच्याजवळ नाही. पण दुःखिताला आरोपी करायचे नाही, त्याच्याजवळ जाऊन बसायचे आणि दुःखाचे जे कारण हाताशी आहे ते दूर करायचे, एवढे तो निःसंदिग्धपणे सांगतो. यासाठी ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही.

या दिवाळीत आपल्या गावात ज्या घरी आकाशकंदील लागला नसेल, तिथे जा. कारण सांगू नका, पाप शोधू नका. लग्न ठरवण्याआधी मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्या. अंगावरच्या एखाद्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. आणि जंगलात जायचेच असेल तर एकट्याने जाऊ नका, कोणाला एकटे जाऊ देऊ नका.