देव कोणाचं ऐकतो?

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा संघ कबड्डीच्या सामन्यात अवघ्या दोन गुणांनी हरला. जवळा बाजारला परत येताना टेम्पोत कोणी बोलेना. शेवटी चढाई करणारा पाचवीतला मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, मी औंढ्याच्या नागनाथाला नारळ कबूल केला होता. देवानं आपलं ऐकलंच नाही."

मागून एक जण ओरडला, "आरं, त्यांच्यातल्या पोरानं बी नागनाथालाच कबूल केला होता!"

सगळे हसले. मी मात्र विचारात पडले. दोघांचा देव एकच, मग त्यानं कोणाचं ऐकायचं? त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते सापडलं फुटबॉलच्या मैदानावर!

आपल्याकडे फुटबॉल तसा कमीच. पण शेजारच्या गोव्यात बघा. तिथं १८८३ साली शिवोली गावात फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून मुलांना फुटबॉल शिकवला. म्हणजे प्रार्थना आणि चेंडू एकाच शाळेतून गावात आले! पुढे हा खेळ सगळ्यांचाच झाला. भारताचे कर्णधार झालेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर गोव्याचेच. मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. पुढच्या सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. तरी तो सामना भारत ४-१ असा हरला. बघा, खेळाडू तोच, देवही तोच!

आता ब्राझीलच्या एका खेळाडूची गोष्ट सांगते. त्याचं नाव काका. हसू नका हं! खरं नाव रिकार्डो, पण धाकट्या भावाला ते म्हणता येईना, म्हणून तो 'काका' झाला. काका अठरा वर्षांचा होता तेव्हा, २००० साली, पोहण्याच्या तलावात घसरगुंडीवरून उतरताना त्याचं डोकं तळाला आपटलं आणि मानेचा मणका मोडला. खेळणं राहू द्या, चालणंही कायमचं बंद झालं असतं. पण तो बरा झाला. देवानंच आपल्याला वाचवलं, असं तो मानतो. पुढच्याच वर्षी तो साओ पावलोच्या मोठ्या संघातून खेळू लागला.

मग तो इटलीच्या मिलान संघात गेला. २००५ साली युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना इस्तंबूलला होता. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे! पण नंतर लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तीन गोल केले आणि शेवटी पेनल्टीवर मिलान हरला. दोन वर्षांनी अथेन्सला पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. या वेळी मिलान २-१ असा जिंकला. काका मैदानातच गुडघ्यांवर बसला. 'मी येशूचा आहे' अशा अर्थाची अक्षरं त्याच्या आतल्या बनियनवर होती. त्याच वर्षी तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. (आताच्या नियमांप्रमाणे असा धार्मिक मजकूर मैदानावर दाखवता येत नाही, बरं का! श्रद्धा मनातच ठेवायची.)

आता सांगा, काकाची श्रद्धा २००५ मध्ये कमी होती आणि २००७ मध्ये वाढली, असं झालं का? मुळीच नाही. आणि लिव्हरपूलच्या खेळाडूंना का देव नव्हता?

मला वाटतं, देवाचं थोडंफार आम्हा शिक्षकांसारखं असावं. वर्गातल्या सगळ्या पोरांवर माझा जीव सारखाच. पण म्हणून पेपर तपासताना मी कोणाला गुण वाढवून देत नाही. मग प्रार्थनेनं मिळतं काय? हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यायचं बळ मिळतं. इस्तंबूलनंतर काकाला तेच तर लागलं असणार!

पालकांनाही एक विनंती. परीक्षेला निघालेल्या लेकराला देवाच्या पाया पडायला जरूर सांगा. पण गुण कमी पडले तर 'तुझी भक्तीच कमी पडली' असं चुकूनही म्हणू नका. लहान मन ते फार दिवस धरून बसतं.

ही गोष्ट मी आमच्या चढाईपटूला सांगितली. त्यानं लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "बाई, मग माझ्या नारळाचं काय करू?"

मी म्हटलं, "कबूल केलायस ना? मग नेऊन फोड. जिंकल्यावरच फोडायचा असं थोडंच आहे!"

रविवारी तो वडिलांबरोबर औंढ्याला जाऊन आला. सोमवारी त्यानं वर्गात सगळ्यांना खोबऱ्याचा प्रसाद वाटला. आणि शाळा सुटल्यावर सरावाला सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर!